ताई, सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला नाही ते बरंच झालं

बार्शीहून एका ताईंचं पत्र आलंय. गेली दहा-अकरा वर्षं त्या घरूनच टॅक्स रिटर्न भरणं, टॅलीत हिशेब लिहिणं आणि मराठी टायपिंग अशी कामं करतात. आता नवीन लॅपटॉप घेतलाय आणि जुना डेस्कटॉप दिराच्या मुलीला द्यायचाय, ती यंदा अकरावीला गेली. त्या लिहितात: "एक टीबीची हार्ड डिस्क आहे, सी आणि डी असे दोन ड्राइव्ह, विंडोज १०. सी वर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबलं तर होत नाही म्हणून मेसेज येतो. दुकानवाले म्हणतात मशीन ठेवून जा, उद्या घेऊन जा. पण त्यात माझ्या दीडेकशे लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं आहेत. फॉरमॅट मारला की हे सगळं खरंच जातं का? आणि मला घरी जमेल का?"

ताई, शेवटचं आधी सांगते, जमेल. टॅलीत वर्षाचा हिशेब बंद करणाऱ्या बाईला हे न जमायला काय झालं. फक्त संध्याकाळी स्वयंपाक उरकून करायचं काम नाहीये हे, एक अख्खा रविवार काढा आणि त्याच्या आधीचे दोन-चार दिवस रोज थोडा वेळ.

फॉरमॅट का झाला नाही तर विंडोज स्वतःच सी वर बसलंय. ज्या सतरंजीवर आपण बसलोय तीच झटकायची म्हटली तर आधी उठावं लागतं ना, तसंच. म्हणून मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, म्हणजे सी वर कुणी बसलेलं नसतं. आणि तो मेसेज आला हे माझ्या मते तुमचं नशीब, कारण तुम्ही अजून काहीच बाजूला काढलेलं नाहीये असं पत्रावरून वाटतंय.

आता खरा प्रश्न, फॉरमॅटने जातं का. साधा जो फॉरमॅट असतो, क्विक फॉरमॅट, त्यात काही पुसलं जात नाही. तलाठ्याच्या दप्तरात नाव कमी केलं तरी शेतात पीक उभंच असतं ना, तसं होतं. कुठली फाइल कुठे आहे याची नोंद तेवढी नवी कोरी होते, म्हणून कॉम्प्युटर म्हणतो डिस्क रिकामी, पण आकडे न् आकडे जागेवरच असतात, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. विंडोज टाकताना ती दोन-तीन मिनिटांत जी फॉरमॅट होते ना, ती हीच.

मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाहीये. सात-आठ वर्षांपूर्वी शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर फार स्लो झाला होता, मी म्हटलं आणा मी करून देते, डी मध्ये सगळं आहे ना, काका म्हणाले हो, आणि मी सी उडवला. संध्याकाळी काकू आल्या आणि विचारलं की डेस्कटॉपवरचा तो पिवळा फोल्डर कुठे गेला. 'नवीन फोल्डर ३' असं नाव होतं त्याला आणि आत काकूंच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या, आई जायच्या आधीच्या दिवाळीतल्या. डेस्कटॉप सी मध्येच असतो, हे मला माहीत होतं आणि तरी मी उघडून बघितलं नव्हतं. त्या रात्री ती डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, तिच्यावर काहीही न लिहिता फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवलं, सकाळपर्यंत चाललं. ते फाइली शोधून देतं पण नावं परत मिळत नाहीत, नुसते एफ आणि पुढे लांबलचक आकडे. एकेक लावून ऐकत बसलो. चार ओव्या पूर्ण निघाल्या, दोन मध्येच तुटल्या, बाकीच्या नाहीत, कारण मी टाकलेलं नवीन विंडोज नेमकं त्यांच्यावर लिहिलं गेलं होतं.

आणि त्याच ढिगात आणखी एक गोष्ट निघाली जी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. कुठल्यातरी मुलीचा वाढदिवस, केकवर पाच मेणबत्त्या, मागे भिंतीवर कॅलेंडर, मग एक रेशनकार्डाचा स्कॅन, एका सोसायटीच्या कर्जाचे कागद. काकांनी ती डिस्क सेकंडहँड घेतली होती. ज्यांनी विकली त्यांनी फॉरमॅट मारूनच विकली असणार, बिचाऱ्यांना वाटलं असेल गेलं सगळं. मी ते सगळं लगेच काढून टाकलं आणि नंतर ती डिस्क नीट पुसून दिली, पण त्या मेणबत्त्या अजून डोळ्यासमोर आहेत. जे ठेवायचं होतं ते गेलं आणि जे घालवायचं होतं ते राहिलं, एकाच डिस्कवर, एकाच फॉरमॅटमध्ये. तुमच्या बाबतीत हे उलटं व्हायला हवं, आणि बाकी सगळं पत्र त्यासाठीच आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या सापडल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांच्या वर क्रेडिट कार्ड नंबर होते. जुनं झालं असेल, पण माणसाची सवय अजून तीच आहे.

तर आधी ठेवायचं काय ते बघा. वही घ्या आणि कॉम्प्युटरसमोर बसा, कुठे काय आहे ते लिहा, घाईत माउस फिरवू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, आणि डाउनलोड्स, हा डाउनलोड्स लोक कायम विसरतात, तुमच्या कामात तर पोर्टलवरून उतरवलेली निम्मी कागदपत्रं तिथेच पडलेली असणार. टॅलीचा डेटा फोल्डर, त्यात १०००० किंवा १००००० असल्या आकड्यांची फोल्डरं दिसतील, तीच तुमची एकेक कंपनी, आकडे बघून कचरा समजू नका. टॅलीतून रीतसर बॅकअप काढा आणि शिवाय तो अख्खा फोल्डरही उचला. आणि टॅलीचं लायसन्स या मशीनवरून आधी सरेंडर करा, मग नव्या लॅपटॉपवर चालू करा, हे फॉरमॅटच्या आधी, नंतर केलंत तर उगाच कस्टमर केअरच्या मागे लागावं लागतं. टीडीएसच्या एफव्हीयू फाइली, रिटर्नच्या जेसॉन फाइली. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल. क्रोममध्ये जतन झालेले पासवर्ड. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीचं असेल तर त्याची काळजी नको, सही टोकनच्या आतच असते, लॅपटॉपवर फक्त त्याचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागेल.

आणि मराठी टायपिंगवाल्यांसाठी एक खास, फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेलं जुनं मॅटर फॉन्टशिवाय उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, लग्नपत्रिका असो नाहीतर वकिलाची नोटीस, काही वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते सगळे कॉपी करून घ्या. जमल्यास महत्त्वाचं मॅटर युनिकोडमध्ये करूनही ठेवा, पण ते सावकाश.

हे सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या. आणि कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही बरं का, ती डिस्क नव्या लॅपटॉपला लावा आणि दहा-पंधरा फाइली खरोखर उघडा, एक टॅली कंपनी लोड करून बघा, एक जुना फोटो, एक एक्सेल. उघडल्या की लॅपटॉपवर दुसरी कॉपी काढा. मग ती एक्स्टर्नल डिस्क काढून कपाटात ठेवा, म्हणजे पुसायच्या वेळी ती मशीनला लागलेली नको म्हणजे नकोच. चुकीची डिस्क पुसली जाण्याचे जितके किस्से मी ऐकलेत त्यातल्या बहुतेकांत बॅकअपचीच डिस्क मशीनला लागलेली होती.

आता पुसण्याकडे येऊ. तुमचा सी आणि डी हे दोन ड्राइव्ह दिसतात पण डिस्क एकच आहे, एकाच वावरात बांध घालून दोन तुकडे केलेत. आपल्याकडे सवय अशी की विंडोज सी मध्ये आणि कामाचं डी मध्ये, आणि दुकानात फॉरमॅट म्हणजे फक्त सी, कारण गिऱ्हाईक सांगतं डी ला हात लावू नका. स्वतःच्या वापरासाठी ते ठीक आहे. पण मशीन दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर तुमच्या दीडशे लोकांचे पॅन-आधार डी मध्ये जसेच्या तसे जातील, पोरगी अकरावीतली, तिला तर कळणारही नाही ते काय आहे, तिच्या मैत्रिणीच्या भावाने पेनड्राइव्ह लावला की संपलं.

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल, म्हणजे विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून देणारं सॉफ्टवेअर, उतरवा, कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, त्यातलं सगळं उडतं तेव्हा रिकामाच घ्या. तो जुन्या मशीनला लावा, चालू करतानाच बूट मेन्यूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणारी, की टकटक दाबत राहा, डेल, लेनोवो, एसरला साधारण एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या बोर्डाला एफ८, जुळवून आणलेला असेंबल्ड असेल तर पहिल्या स्क्रीनवर खाली लिहिलेलं असतं. पेनड्राइव्ह निवडला की विंडोज सेटअपचा भाषा विचारणारा पहिला स्क्रीन येतो. तिथे पुढे जाऊ नका, शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात डिस्कपार्ट (diskpart) टाइप करून एंटर, मग लिस्ट डिस्क (list disk).

इथे थांबा आणि वाचा. तुमची १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसेल, घाबरू नका, कंपनी हजारात मोजते आणि विंडोज १०२४ मध्ये, म्हणून तो फरक. पेनड्राइव्ह त्याच्या आकाराने ओळखू येईल. ९३१ जीबीवाली ज्या नंबरला असेल तो नंबर, समजा ० असेल, तर सिलेक्ट डिस्क ० (select disk 0). मग परत एकदा लिस्ट डिस्क करा, निवडलेल्या डिस्कच्या आधी एक चांदणी दिसते, ती बरोबर ओळीवर आहे ना हे बोट ठेवून बघा. कारण पुढची कमांड 'खात्री आहे का' वगैरे काही विचारत नाही. ती कमांड क्लीन ऑल (clean all). मध्ये एक जागा सोडून. नुसतं क्लीन केलंत तर फक्त नोंदी जातात, म्हणजे पुन्हा आपलं तलाठ्याचं दप्तर. क्लीन ऑल मात्र सगळ्या डिस्कवर, सी, डी, त्यांच्या मधले लपलेले छोटे भाग, सगळीकडे शून्य लिहीत जातं.

एंटर दाबलं की काहीच दिसत नाही. टक्केवारी नाही, पट्टी नाही, नुसता कर्सर लुकलुकतो आणि तासाभराने माणसाला वाटतं हँग झालं. झालेलं नसतं. डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिते असं धरलं तर एका टीबीला पावणेतीन तास लागतात, जुनी असेल तर चार-पाच धरा. केबिनेटवरचा डिस्कचा दिवा जळत असला की काम चालू आहे. लाइट गेली तर मशीन बिघडत वगैरे नाही, पण पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून यूपीएस नाहीतर इन्व्हर्टर असेल तर त्यावरच बसवा. शेवटी डिस्क साफ झाल्याचा मेसेज येतो.

एकदा पुसलं की पुरतं का, हे तुम्हाला कुणीतरी विचारणारच. सात वेळा, पस्तीस वेळा पुसा असं सांगणारे भेटतात, तो पस्तीसचा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधातला, त्या काळच्या डिस्कसाठीचा. आत्ताच्या हार्ड डिस्कला एकदा सगळीकडून शून्य लिहिलं की पुरे, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. तुम्ही एकदाच करा, पण पूर्ण होऊ द्या.

त्यानंतर त्याच खिडकीत एक्झिट, एक्झिट, आणि सेटअप पुढे न्या. प्रॉडक्ट की मागेल तिथे 'माझ्याकडे की नाही' म्हणा, आधीचं विंडोज १० त्याच मशीनवर खरं चालू असेल तर इंटरनेट लागल्यावर ते मदरबोर्ड ओळखून आपोआप ॲक्टिव्हेट होतं, फक्त होम होतं की प्रो ते आधी लिहून ठेवा आणि तेच टाका. पण एक लक्षात घ्या, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि इतक्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. मुलीला अभ्यास, टायपिंग, थोडं कोडिंग एवढंच करायचं असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकीन, फुकट आहे, अपडेट येत राहतात, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रे ऑफिस त्यात असतंच आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालतो. तिला विचारून ठरवा.

काळ्या खिडकीची भीतीच वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत जाऊन रीसेट धिस पीसी, त्यात रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि मग चेंज सेटिंग्ज उघडून क्लीन डेटा चालू करा आणि सगळ्या ड्राइव्हवरचं काढायचा पर्यायही चालू करा. हे दोन्ही मुद्दाम चालू करावे लागतात, नाहीतर डी तसाच राहतो. घरगुती फोटो-गाण्यांच्या मशीनला मी हेच सांगते. तुमच्याकडे दुसऱ्यांचे कागद आहेत म्हणून तुम्हाला लांबचा रस्ता सांगितला.

दुकानवाल्यांबद्दल मला वाईट काही म्हणायचं नाही, त्यातले बरेच जण कष्टाने आणि सचोटीने काम करतात. पण मशीन रात्रभर तिथे राहिलं की ते कुणाकुणाच्या हाताखालून गेलं हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकाचा डेटा जाऊ नये म्हणून चांगल्या मनानेच आधी स्वतःच्या डिस्कवर कॉपी काढून ठेवतात, ती पुढे कितीतरी दिवस तशीच पडून राहते. लोकांनी तुमच्या शब्दावर आधार कार्ड दिलंय. पुसल्यानंतर मग खुशाल न्या, विंडोज त्यांच्याकडूनच टाकून घ्या.

नव्या लॅपटॉपला मात्र हे सगळं लावू नका. त्यात एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, असणार आणि एसएसडी कुठला डेटा कुठल्या चिपवर ठेवते ते स्वतः ठरवते, शिवाय थोडी जागा राखून ठेवते जी आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे वरून शून्य लिहून सगळं गेलं अशी खात्री देता येत नाही. तिला बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधलं, सिक्युअर इरेज किंवा त्या कंपनीचं टूल लागतं. त्याहून बरं म्हणजे पहिल्या दिवसापासून डेटा कुलुपात ठेवणं, ते कुलूप म्हणजे विंडोजचं बिटलॉकर, नव्या लॅपटॉपात पुष्कळदा ते आपोआप चालू असतं. आजच बघा, आणि चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर छापून लॅपटॉपपासून लांब ठेवा. ती हरवली तर तुमचं कुलूप तुम्हालाच उघडायचं नाही.

आणि ताई, मनातलं सांगू का. हे सगळं करायच्या आधी डिस्कचा आवाज ऐका. टक-टक, कर्र असा येत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉशन नाहीतर बॅड दिसत असेल तर फॉरमॅटने ती बरी होणार नाही, बॅकअप घ्या आणि तिला निवृत्त करा. खरं तर डिस्क चांगली असली तरी मी तुमच्या जागी असते तर जुनी डिस्क काढून स्वतःकडेच ठेवली असती आणि मुलीला मशीनमध्ये २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवून दिली असती. चार स्क्रू आणि दोन वायरी आहेत, मशीन इतकं पळायला लागेल की तुम्हालाच द्यावंसं वाटणार नाही, आणि पुसायची घाईच राहत नाही. जुनी डिस्क नाव आणि तारीख लिहून कपाटात, वर्षभरात काही राहिलेलं आठवलं तर लावून बघता येतं, आणि नंतर निवांत क्लीन ऑल करून मगच ई-कचऱ्यात. काकूंच्या वेळी मला हे सुचलं असतं तर सगळ्या ओव्या आज असत्या.

विंडोज किंवा मिंट टाकताना शेवटी नाव विचारणारा स्क्रीन येतो, तिथे घाईने तुमचं नाव किंवा मेल टाकू नका. तो स्क्रीन आला की तिला बोलवा, तिचं नाव आणि पासवर्ड तिलाच टाइप करू द्या.